खिशातल्या साठ अळ्या

शनिवारी सकाळी साडेसहा वाजता ऑरिन टकेटच्या घरात आणि परसात हजर असलेल्या जिवांची मोजदाद अशी होती: ब्लूबर्ड दोन, चिमणीपेक्षा जरा मोठे; एक निळा नर आणि एक फिकट मादी. कुंपणाजवळच्या खांबावरच्या लाकडी पेटीत त्यांची पिल्लं पाच, वय चौदा दिवस. कार्डिनल दोन; नर कुंकवासारखा लालभडक, मादी चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाची. चिमण्या अकरा, पण त्या हिशेबात धरायच्या नाहीत असं ऑरिनचं धोरण होतं. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कोंड्यात झोपलेल्या जिवंत अळ्या एक हजार नऊशे चाळीस. आणि त्याच फ्रीजसमोर, कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायको एक.

"ऑरिन, आज पंचवीस माणसं जेवायला आहेत. बटाट्याचं सॅलड ठेवायला मला जागा हवी. तुझी ही वळवळ उचल इथून!"

"वळवळत नाहीत त्या, डोरीन. थंडीत झोपतात. उबेला आल्या की मगच जाग्या होतात."

"मग त्यांची झोप गॅरेजमध्ये ने!"

ऑरिनने डबा उचलला. आज तो कुणाशीच भांडणार नव्हता. आजचा दिवस त्याचा होता. छत्तीस वर्षं गावाच्या पाणीपुरवठ्यात मीटर तपासलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर तपासायला काहीच उरलं नाही, म्हणून त्याने पक्षी तपासायला घेतले. गेल्या सहा आठवड्यांत त्याने ब्लूबर्डच्या जोडीला शिकवून तयार केलं होतं. तोंडाने शीळ घालायची, एक सूर चढता, एक उतरता, आणि ताटलीत अळ्या टाकायच्या, डोई पंधरा. आता नुसती शीळ ऐकली की जोडी हजर! वहीत नोंद होती: प्रयत्न बेचाळीस, यशस्वी एकेचाळीस, सरासरी वेळ अकरा सेकंद. जो एक फसला त्या दिवशी आभाळात ससाणा होता, आणि त्यात पक्ष्यांची चूक नव्हती असा शेराही होता.

"माझे पक्षी घड्याळावर चालतात," असं तो गावात ज्याला त्याला सांगत असे. ज्याला सांगायचा तो घड्याळात बघून निघून जात असे.

पण पंचवीस माणसांचा आणि पक्ष्यांचा संबंध काय? तो जुळला दोन आठवड्यांपूर्वी, रविवारच्या जेवणात.

ऑरिनची मुलगी बेथनी हिला पाचवा महिना होता. आता तिकडच्या रीतीप्रमाणे, बाळ जन्मायच्या आधीच, मुलगा की मुलगी हे सगळ्या गोतावळ्यासमोर जाहीर करायचं होतं. बेथनीचं घर म्हणजे दोन खोल्या, तेव्हा समारंभ ऑरिनच्या परसात ठरला. इथवर सगळं गोड होतं. मग विहीणबाई बोलल्या. विहीणबाई म्हणजे ग्लेंडा रॅथबन, जावई वेस्लीची आई. उंच, खणखणीत आवाजाची, आणि कुठल्याही घरात शिरल्यावर दहा मिनिटांत तिथल्या खुर्च्यांच्या जागा बदलणारी बाई.

"तोफा मी आणल्यात!" ग्लेंडा म्हणाली.

ऑरिनच्या घशात मक्याचा पाव अडकला. "तोफा?"

"पावडरच्या हो! पुठ्ठ्याच्या नळ्या. बूड पिरगाळायचं की फाट्! रंगाचा ढग! निळा म्हणजे मुलगा, गुलाबी म्हणजे मुलगी. एकेक आणून ठेवलीये. सवलतीत मिळाल्या."

"माझ्या परसात फाट् होणार नाही," ऑरिन म्हणाला. "त्या दिवशी पिल्लं चौदा दिवसांची असतील. तेराव्या दिवसानंतर पेटी उघडायचीसुद्धा नसते. दचकली की पिल्लं बाहेर उड्या मारतात. उडता येत नसतं. पडतात गवतात. आणि शेजारी हेन्सलींची मांजर चोवीस तास ड्यूटीवर असते!"

"म्हणजे माझ्या पहिल्या नातवंडाची बातमी मी पाखरांच्या सोयीने द्यायची?"

"पाखरंच देतील बातमी!"

हे ऑरिनच्या तोंडून निघून गेलं. टेबलावरचे मटारसुद्धा घरंगळायचे थांबले. ऑरिन स्वतःही थक्क झाला होता. पण शब्द सुटला होता, आणि समोर ग्लेंडा होती.

"मुलगा असेल तर मी अळ्या ठेवीन. निळा पक्षी येईल. मुलगी असेल तर सूर्यफुलाच्या बिया ठेवीन. लाल कार्डिनल येईल."

"लाल म्हणजे गुलाबी नव्हे!"

"गुलाबीचा थोरला भाऊ समज गं," ग्लेंडाचा नवरा हॉवी म्हणाला. हॉवी हा सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की अशी सवय लागते.

बेथनीला कल्पना भारी आवडली. तिने तिथल्या तिथे करार ठरवला. पाच मिनिटं मिळतील. योग्य पक्षी आला तर तोफा गाडीतच राहतील. पक्षी आला नाही किंवा चुकीचा आला, तर तोफ. डॉक्टरांनी लिहिलेली बंद चिठ्ठी तिने बापाच्या हातात दिली. "डॅडी, उघडायची तुम्हीच. त्याच दिवशी. आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही!"

"माझ्या चेहऱ्यावर छत्तीस वर्षं कुणाला काही दिसलेलं नाही," ऑरिन म्हणाला. डोरीनने मान डोलावली.

आता एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. त्यानंतर ऑरिनने कार्डिनलवरही बेचाळीस प्रयोग केले. यशस्वी सहा. कार्डिनल यायचा तो पहाटे किंवा संध्याकाळी, स्वतःच्या मर्जीने, सरकारी साहेबासारखा. समारंभ होता दुपारी दोनला! आजोबा म्हणून ऑरिनला मुलगा आणि मुलगी दोन्ही सारखेच होते. प्रयोग करणारा म्हणून मात्र त्याला मुलगाच हवा होता.

शनिवारी दुपारी दोनला दहा मिनिटं असताना तो न्हाणीघरात गेला. दार लावून टबच्या कडेवर बसला. शर्टाच्या डाव्या खिशात झाकणाची छोटी डबी होती, तीत साठ अळ्या, खात्रीसाठी दुप्पट. त्याने चिठ्ठी फोडली.

डॉक्टर असूनही अक्षर स्वच्छ होतं. मुलगी.

ऑरिनने एकदा डाव्या खिशातल्या डबीकडे पाहिलं. मग चिठ्ठी उजव्या खिशात घातली, चेहरा पुसला आणि बाहेर आला. अळ्या परत ठेवायला गॅरेजकडे जावं तर दारात डोरीन कलिंगड कापत उभी. तिच्यासमोरून अळ्या न्यायची आजच्या दिवसात त्याची दुसऱ्यांदा हिंमत नव्हती. डबी खिशातच राहिली.

परसात पंचवीस माणसं हातात लिंबू सरबत घेऊन उभी होती. ग्लेंडा गुलाबी झग्यात होती, आणि गळ्यात निळा रुमाल होता. बाई दोन्ही बाजूंनी तयार होती. ऑरिनने मधल्या टेबलावरच्या ताटलीत काहीतरी ओतलं, कुणाला दिसणार नाही असं, आणि मागे सरला.

"सुरू!" बेथनीने फोनवर वेळ लावली.

पहिल्या मिनिटात चिमणी आली.

"तपकिरी! तपकिरी म्हणजे काय?" कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे अजून ठरलेलं नाही!" हॉवी म्हणाला.

दुसऱ्या मिनिटात खार आली आणि ताटलीत तोंड खुपसून, गाल फुगवून गेली. ग्लेंडाने पर्समधून गाडीची किल्ली काढून हॉवीच्या हातात ठेवली. "डिकी उघडून ठेवा नुसती," ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. तिसऱ्या मिनिटात काहीच आलं नाही. ऑरिनच्या छातीवर मात्र काहीतरी हललं.

त्याने खाली पाहिलं. जूनचं ऊन, सुती शर्ट, आणि आत धडधडणारं अडुसष्ट वर्षांचं हृदय. एवढ्या उबेत साठच्या साठ जाग्या झाल्या होत्या. डबीच्या झाकणाला आतून धडका बसत होत्या.

चार मिनिटं वीस सेकंद. आणि कुंपणाच्या खांबावर, अगदी बोलावल्यासारखा, कार्डिनल येऊन बसला!

लाल! लखलखीत लाल! ऊन त्याच्या तुऱ्यावर पडलं होतं. पंचवीस माणसांनी श्वास रोखला. त्याने मान तिरकी केली. ताटलीकडे पाहिलं. पंख किंचित उघडले. ऑरिनने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. त्याने डोळे मिटून प्रार्थना केली.

त्याच क्षणी, डिकी उघडून परतलेल्या हॉवीने तो पक्षी पाहिला. हॉवीचं मन निर्मळ होतं. सुंदर काही दिसलं की माणूस करतो तेच त्याने केलं. शीळ घातली. एक सूर चढता, एक उतरता.

बेचाळीस प्रयोगांत ऑरिनच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की जगातला कुठलाही माणूस नेमकी हीच शीळ घालतो!

ब्लूबर्ड नऊ सेकंदांत आला. वहीतल्या सरासरीपेक्षा दोन सेकंद आधी. बाणासारखा आला, कार्डिनल भुर्रकन उडाला, आणि निळा नर ताटलीच्या मधोमध, छाती काढून उभा राहिला.

"मुलगा!!!"

परस फुटलं! सरबताचे पेले उडाले. वेस्लीने बेथनीला उचललं आणि घाबरून लगेच खाली ठेवलं. ग्लेंडाने बहिणीला फोन लावला होता. "रोझेल! मुलगा! हो, मुलगा! निळी लोकर घे, सगळी घे!"

"नाही! हा धरायचा नाही!" ऑरिन ओरडला. "ही शीळ बाद आहे!"

आणि डबीचं झाकण निघालं.

साठ अळ्या म्हणजे किती पाय होतात याचा हिशेब ऑरिनला पाठ होता, अळीला सहाप्रमाणे तीनशे साठ. पण ते बनियनच्या आत असताना वेगळे वाटतात. त्याने एक खांदा उडवला. मग दुसरा. मग गुडघे वर घेऊन, हात हवेत फेकत तो ताटलीभोवती गरागरा फिरायला लागला.

"ऑरिन नाचतोय!" कुणीतरी किंचाळलं. "अरे, ऑरिन नाचतोय!"

मग काय विचारता! पंचवीस माणसं खांदे उडवायला लागली. वेस्ली धावत आला आणि त्याने सासऱ्याला कडकडून मिठी मारली. त्या मिठीत काही अळ्यांचं जे व्हायचं ते झालं. "तुम्हाला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं हो मला!" तो गहिवरून म्हणाला. ऑरिनच्या तोंडून फक्त हवा निघाली.

एकटी डोरीन नाचत नव्हती. ती कलिंगडाची सुरी घेऊन नवऱ्याकडे बघत उभी होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस नाचलेला नव्हता, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"ऑरिन, काय झालंय?"

"मुलगी," ऑरिन धापा टाकत म्हणाला. "आणि अळ्या. साठ."

"थांबा!" डोरीन ओरडली. हातात सुरी असलेल्या बाईचं माणसं पटकन ऐकतात. सगळे थांबले. बेथनीने बापाच्या खिशातून चिठ्ठी काढली. चिठ्ठीबरोबर तीन अळ्याही आल्या. तिने त्या झटकल्या, घडी उघडली, एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"मुलगी आहे," ती म्हणाली.

पंचवीस तोंडं उघडी ती उघडीच! वर गेलेले हात वरच राहिले. वेस्ली ब्लूबर्डकडे असा बघत होता, जणू त्याने खोटी साक्ष दिली. पक्ष्याला ताटलीत अळी सापडली नाही. तोही तितकाच चकित दिसत होता. तो उडून तारेवर जाऊन बसला.

फोनमधून रोझेलचा आवाज येत होता. "लोकर थांबव," ग्लेंडा म्हणाली आणि फोन बंद केला. मग ती ऑरिनकडे वळली. तिचा चेहरा तिच्या झग्यापेक्षा गुलाबी झाला होता.

"माझ्या बहिणीसमोर माझं हसं केलंत! पक्षी म्हणे घड्याळावर चालतात! चुकीचा पक्षी आला की नाही? करार काय होता? हॉवी, तोफ कुठे आहे?"

"ही काय," हॉवी म्हणाला.

मघाशी आनंदाच्या भरात हॉवी पुन्हा गाडीकडे धावून डिकीतून एक तोफ घेऊन आला होता. तो उभा होता सावलीत. सावली होती कुंपणाजवळ. त्याच्यापासून सहा फुटांवर खांब होता, आणि खांबावर पेटी.

"ग्लेंडा, तिथे नको!" ऑरिन ओरडला. "ग्लेंडा, पिल्लं!"

पण विहीणबाईंनी नळी हिसकावून घेतली होती. ऑरिन धावला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तीन वर्षं जो जिने चढला नव्हता तो माणूस टेबलाला वळसा न घालता टेबलावरून गेला! पेटीच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि ग्लेंडाने बूड पिरगाळलं.

फाट्!

ढग बसायला बराच वेळ लागला. बसला तेव्हा खांबासमोर एक माणूस दिसला. केसांपासून बुटांपर्यंत निळा. मिशा निळ्या, चष्मा निळा, कान निळे. त्याने तोंड उघडलं तेव्हा आतूनही थोडा निळा धूर निघाला.

"मुलगी," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. हसायलाही भान लागतं.

"हॉवी!" ग्लेंडा किंचाळली. "ही निळी आहे!"

"तूच म्हणालीस ना मघाशी, मुलगा!"

"कुणी हलू नका," निळा माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की ग्लेंडानेही रिकामी नळी खाली ठेवली. "प्रत्येकाने आपल्या पायाखाली बघा. गवतात. हळू."

पंचवीस माणसं वाकली. गवत निळं झालं होतं, आणि निळ्या गवतात निळंकरडं पिल्लू शोधायचं म्हणजे गव्हात गहू शोधण्यासारखं.

"पेटी उघडून बघूया ना," वेस्ली कुजबुजला.

"उघडलीस तर आतली आहेत तीही उडी मारतील."

"मग कळणार कसं?"

"आईबाप सांगतील. खाऊ घेऊन पेटीत शिरले तर पिल्लं आत आहेत. गवतात उतरले तर..." ऑरिनने वाक्य पुरं केलं नाही. कुंपणापलीकडे हेन्सलींची मांजर उठून बसली होती.

नर तारेवर होता. मादी कुठेच दिसत नव्हती. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणीतरी हातातला पेला गवतात ठेवला, त्याचासुद्धा आवाज झाला.

"ऑरिन," ग्लेंडा अगदी हळू म्हणाली. तिचा एवढा हळू आवाज हॉवीनेही कधी ऐकला नव्हता. "मला माहीत नव्हतं हो."

"सांगितलं होतं मी."

"ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं."

ऑरिनने ओठ जुळवून शीळ घालायचा प्रयत्न केला. निघाली ती नुसती पावडर. पुन्हा केला. पुन्हा पावडर. शेवटी त्याने मान न वळवता हाक मारली.

"हॉवी."

"मी काही नाही केलं!"

"शीळ घाल."

"घालू? नक्की?" हॉवीने बायकोकडे पाहिलं. ग्लेंडाने मान हलवली. त्याने ओठ ओले केले. एक सूर चढता, एक उतरता. थोडा थरथरला, पण बरोबर.

नर तारेवरून सुटला. तो गवताकडे आला तशी बेथनीने डोळे झाकून घेतले. तो गवतावरून गेला, ताटलीवरून गेला, आणि थेट ऑरिनच्या निळ्या खांद्यावर उतरला. एवढा मोठा नर आपल्या हद्दीत कधी आला, याचा त्याने क्षणभर विचार केला असावा. मग कॉलरखालून एक अळी बाहेर डोकावली. त्याने ती उचलली. दुसरी उचलली. ऑरिन श्वासही घेत नव्हता. पक्षी त्याच्या कानावरून उडाला आणि पेटीच्या भोकात शिरला.

आतून एकदम गिल्ला झाला. चिवचिव नव्हे; शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखा कल्ला!

बेथनी रडायला लागली. वेस्ली रडायला लागला. हॉवीने पुन्हा शीळ घातली, कारण नसताना.

"कल्ला झाला म्हणजे पाचही आहेत का?" ग्लेंडाने विचारलं.

"एवढा कल्ला दोन पिल्लंसुद्धा करू शकतात," ऑरिन म्हणाला. "फेऱ्या मोजाव्या लागतील. पाच असतील तर तासाला वीसच्या वर व्हायला हव्यात."

ग्लेंडाने दोन खुर्च्या उचलल्या आणि पेटीपासून चाळीस फुटांवर नेऊन ठेवल्या. ऑरिनने त्यातली एक थोडी डावीकडे सरकवली. तिने ती पुन्हा उजवीकडे सरकवली. मग दोघं पाहुण्यांकडे पाठ करून बसले, एक निळा, एक गुलाबी. डोरीनने दोघांच्या हातात कलिंगडाची एकेक फोड दिली आणि नवऱ्याच्या पाठीवरून एक अळी काढून टेबलावरच्या ताटलीत टाकली.

"तुम्ही तुमचं मोजा, मी माझं मोजते," ग्लेंडा म्हणाली. "आणि मोठ्याने नाही मोजायचं!"

"मी छत्तीस वर्षं मनातच मोजलंय."

दुपारी तीन ते चार. ऑरिनची मोजणी: तेवीस फेऱ्या. ग्लेंडाची: चोवीस.